सात गुणांची डबी

१

एमेट पर्डीने बेसबॉलचं जुनं कार्ड प्लॅस्टिकच्या होल्डरमधून बाहेर काढलं, नाकाशी नेलं, आणि त्याचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, संपलं, याचं हृदय आता इथेच बंद पडतंय.

“लॉर्ना,” तो म्हणाला, “हे माझं नाही.”

“काय तुझं नाही?”

“कार्ड. कुणीतरी बदललंय.”

मी कॉफीचा कप ठेवला आणि कार्ड हातात घेतलं. चित्र तेच होतं. डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, हॅप लॉरी, मागे पिवळा रंग, टोपी जरा तिरकी. पण बोटांना लगेच कळलं. बावन्न सालचं कार्ड मऊ लागतं, बिस्किटाच्या जुन्या खोक्यासारखं. हे लग्नपत्रिकेसारखं गुळगुळीत होतं आणि त्याला ताज्या शाईचा वास येत होता. नक्कल. अशा नकला बाजारात उघड मिळतात, लहान मुलांना द्यायला बऱ्या असतात.

आमच्या गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दर फेब्रुवारीला बेसबॉल कार्डांचा मेळा भरतो आणि तो मी भरवते. त्याआधी विमा कंपनीत खोटे दावे पकडायची माझी नोकरी होती, त्यामुळे माणसांवर माझा विश्वास जरा कमीच आहे. पण या हॉलमध्ये इतक्या वर्षांत चोरी झाली नव्हती. आणि झाली तीही कुणाकडे, तर एमेटकडे! त्याच्या टेबलावर ते कार्ड दरवर्षी मधोमध उभं असायचं, पुढे ‘विकायचं नाही’ अशी पाटी. त्याच्या भावाचं कार्ड. याहून जास्त त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

सोमवारी एमेटच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. सकाळीच पिएरोगीच्या, म्हणजे उकडलेल्या करंज्यांच्या, रांगेत उभा राहून तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होता, “ऑपरेशनमध्ये मेलोच, तर ते कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात घाला आणि मग पुरा.” अख्ख्या रांगेने श्वास रोखला होता. एवढं दुर्मीळ कार्ड मातीत घालायचं म्हणजे आमच्या लोकांच्या काळजाचं पाणी होणार.

“शांत हो,” मी म्हणाले. “शोधू आपण. कुणावर संशय आहे?”

एमेटने समोरच्या टेबलाकडे बोट केलं. तिथे त्याचा मुलगा उभा होता.

२

ग्लेन पन्नाशीचा असेल. बापलेकांची टेबलं समोरासमोर आणि तोंडं कायम दोन दिशांना. कारण एकच. ग्लेन फक्त ग्रेड केलेली कार्डं ठेवतो. म्हणजे कार्ड कंपनीकडे पाठवायचं, ते तपासून एक ते दहा गुण देतात, प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं सील करतात आणि वर लेबल लावतात. एमेटला या डब्यांचा मनापासून तिटकारा. “कार्ड हातात धरायला असतं,” तो म्हणायचा. “तू त्याचा मुरंबा घालतोस.” त्यावर ग्लेन म्हणायचा, “आणि तू त्याला हाताळून हाताळून मारतोस.” वीस वर्षं हेच.

“डॅड, तू काय बोलतोयस ते तुला तरी कळतंय का?” ग्लेनचा आवाज फाटला होता.

“कळतंय. मी गेल्यावर कार्ड खिशात जाणार हे तुला बघवलं नाही. डबीत घालायला नेलंस ना?”

“मी हातसुद्धा—”

“आणि ऐक. ज्याने बापाचा खिसा कापला, त्याच्या सहीवर मी माझी छाती उघडून घेणार नाही. सोमवारी येऊ नकोस. मीही जात नाही.”

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की आता पुढे ढकलायला जागा नाही. एमेटला जवळचं माणूस एकच, तो ग्लेन. हा म्हातारा हट्टाने घरी जाऊन बसला, तर वसंत बघणार नव्हता.

मी दोन्ही दारांवर एकेक फायरमन उभा केला आणि माईक हातात घेतला. “कुणीही बाहेर जायचं नाही. ज्याला राग येईल त्याने तो येऊ द्यावा.” पोलिसांना, म्हणजे शेरिफच्या ऑफिसला, फोन केला. रस्त्यावर बर्फ होतं, डेप्युटी निघाला होता पण वेळ लागणार होता.

मग आम्ही शोधलं. लोकांनी आपणहून पिशव्या उलट्या केल्या, कोट झटकले. मोकळं असं लॉरीचं प्रत्येक कार्ड मी नाकाशी आणि उजेडात धरून बघितलं. डब्यांचा प्रश्नच नव्हता, चोरलेलं कार्ड मोकळं होतं. तरी मी त्यांच्यावरूनही नजर फिरवली. ग्लेनच्या काचेखाली लॉरीचंच कार्ड होतं, त्याच सालचं, त्याच्या संग्रहातलं सगळ्यात भारी. डबीवर लेबल होतं, सात गुण. वाचलं आणि पुढे गेले.

एमेटचं कार्ड कुठेच नव्हतं. जमिनीने गिळलं म्हणावं तर जमीन सिमेंटची होती.

३

एमेट जेवायला गेला होता तेवढाच वेळ चोराला मिळाला होता. त्या वेळात त्याच्या टेबलाजवळ तिघंच आले होते. मी एकेकाला किचनमागच्या खोलीत घेतलं.

पहिली आयरीन ओस्बर्ग. एमेटच्या शेजारचं टेबल तिचं, डब्यांचं नावही काढलेलं तिला खपत नाही. येताना विणकाम घेऊनच आली.

“थोडा वेळ ग्लेन बसला होता, मग मी,” ती म्हणाली. “मध्येच तो चकचकीत माणूस आला. व्हान्स.”

“काय करायला?”

“कार्ड बघायला. त्याच्याकडे तो मोठा दिवा आहे ना! होल्डर घेऊन गेला, उजेडात बघितलं असेल, परत आणून ठेवलं. मी म्हटलं, बघ बाबा, तेवढंच पुण्य.”

“आणि ग्लेन?”

तिच्या सुया थांबल्या. “ग्लेनने होल्डर हातात घेतला होता. बराच वेळ. मी खोटं का बोलू, लॉर्ना? पण तो चोर नाही. त्याला डायपरमध्ये असल्यापासून बघतेय मी.”

“डायपर घालणारे सगळेच पुढे साधू होत नाहीत,” मी म्हणाले. ती माझ्यावर फणफणत गेली.

दुसरा व्हान्स हॅस्लिप. हा आमच्यात या वर्षी पहिल्यांदाच आलेला, दुसऱ्या राज्यातला. लोकांची कार्डं गोळा करून ग्रेडिंगला पाठवायची हा त्याचा धंदा. शिवाय डब्यांवरचे ओरखडे पॉलिश करून द्यायचा. नखंसुद्धा पॉलिश केल्यासारखी.

“मॅडम, घेतलं होतं मी,” तो हसून म्हणाला. “सवय आमची. दिव्याखाली धरलं, मनातल्या मनात गुण दिले. तीन. एक कोपरा गोल झालाय, मागे मेणाचा डाग. फार तर तीन! ठेवलं परत.”

“होल्डरमधून बाहेर काढलंत?”

“छे! कार्डाला हात लावायचा नसतो, मॅडम. शिकलेला माणूस हात लावत नाही. आणि मला चोरायचंच असतं तर तीनवालं कशाला चोरू? समोर मुलाचं सातवालं आहे. सकाळी मीच पॉलिश करायला नेलं होतं, जेवणानंतर परत दिलं. तेव्हाच पळालो नसतो?”

बोलणं चोख होतं. माझी चिडचिड झाली, कारण त्यात मला बोट घालायला फट सापडेना.

तिसरा ग्लेन. तो बसलाच नाही.

“हो, होल्डर हातात घेतला होता. त्याला तडा गेलाय. मला नवा घालून द्यायचा होता. पण कार्डाला हात लावायची हिंमत नाही झाली. पन्नास वर्षांत त्याने मला ते एकदाही धरू दिलेलं नाही, माहितेय?”

“तुला ते डबीत हवं होतं.”

“हवं होतं! कारण ते झिजतंय, लॉर्ना! दर तासाला तो ते बाहेर काढतो, वास घेतो, अंगठा फिरवतो. लहानपणापासून बघतोय. त्याच्याकडे नक्कल ठेवून मी किती वेळ टिकलो असतो? एक तास? मी मूर्ख दिसतो का तुला?”

मी काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात आयरीन दार ढकलून आत आली. “लॉर्ना, चल लवकर. एमेटने हॉस्पिटलला फोन लावलाय. ऑपरेशन रद्द करतोय तो.”

४

मी धावले. या वयात आणि या गुडघ्यांनी. एमेटच्या हातातला फोन हिसकावला आणि त्यात ओरडले, “पर्डींचं काही रद्द नाही, त्यांचं डोकं ठिकाणावर नाही!” आणि बंद केला.

“आण तो फोन,” एमेट म्हणाला.

“नाही देत. पंधरा मिनिटं बस गप्प. मग काय मरायचं ते मर.”

तो बसला. ओठ निळसर दिसत होते. मी त्याच्याकडे पाठ फिरवली, कारण मला रडू येत होतं आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं.

ग्लेनचं वाक्य माझ्या डोक्यात घुमत होतं. नक्कल ठेवून किती वेळ टिकलो असतो? खरंच की. चोराने नक्कल ठेवली, म्हणजे ती खपेल असं त्याला वाटलं. कधीपर्यंत? निदान तो इथून निघून जाईपर्यंत. पण एमेट कार्ड काढून हुंगतो हे कुणाला माहीत नाही? ग्लेनला माहीत, आयरीनला माहीत, या हॉलमधल्या प्रत्येक जुन्या माणसाला माहीत. यातल्या कुणी चोरलं असतं तर नक्कल ठेवलीच नसती, होल्डर घेऊन सरळ पळाला असता.

नक्कल खपेल असं फक्त एकाच माणसाला वाटलं असतं. ज्याच्या जगात कार्ड प्लॅस्टिकमधून बाहेर येतच नाही. जो शपथेवर सांगतो की शिकलेला माणूस हात लावत नाही.

पण मग व्हान्सचाच प्रश्न माझ्यापुढे आडवा आला. तीन गुणांचं कार्ड त्याला कशाला? आणि आहे कुठे ते? मोकळं प्रत्येक कार्ड मी बघितलं होतं.

मोकळं. मी जागच्या जागी थांबले आणि स्वतःला एक शिवी दिली. आम्ही सगळे मोकळं कार्ड शोधत होतो. डब्यांवर आम्ही काय बघितलं होतं? लेबल! या धंद्यात सगळ्यांची ही खोड आहे. आकडा वाचला की डोळे पुढे सरकतात.

मी ग्लेनच्या टेबलाशी गेले. “काच उघड. लॉरी दे.”

त्याने डबी दिली. मी लेबलवर अंगठा ठेवला, सात झाकला, आणि नुसतं कार्ड बघितलं. वरचा डावा कोपरा गोल झालेला. डबी उलटी केली. मागे मेणाचा डाग.

माझ्या खांद्यावरून एमेटने वाकून बघितलं. त्याने एकदाच हुंदका दिला.

“तेच,” तो म्हणाला. “माझंच. त्याच्याच डबीत. आता बोल, लॉर्ना.”

ग्लेनच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आणि दारातून टोपीवरचं बर्फ झटकत डेप्युटी आत येत होता.

५

डेप्युटी रॉस्टेक तरुण होता आणि त्याला घाई होती. एमेटचं बोट, ग्लेनची डबी, आत कार्ड. त्याचा हात बेड्यांकडे गेलाच.

“थांबा,” मी म्हणाले. “आधी मला सांगा, या डबीत पूर्वी जे सातवालं कार्ड होतं, ते कुठे आहे?”

मी डबी त्याच्यापुढे धरली.

“डबी ग्लेनची, लेबल ग्लेनचं. मग त्याचं कार्ड कुठे गेलं? एमेट, तुझं कार्ड कुणाला हवंच नव्हतं रे! चोरी तुझी नाही, तुझ्या लेकाची झाली आहे. तुझं कार्ड नुसतं डबीत भरायला वापरलं.”

एमेटने ग्लेनकडे बघितलं. मी बोलत राहिले, कारण दाराच्या दिशेने एक चकचकीत माणूस हळूहळू सरकत होता आणि मला तो माझ्या आवाजाच्या टप्प्यात हवा होता.

“सकाळी ही डबी पॉलिश करायला कोण घेऊन गेलं? व्हान्स. जेवणाच्या वेळी एमेटचा होल्डर दिव्याखाली कुणी नेला? व्हान्स. तेव्हा दोन्ही कार्डं एकाच टेबलावर होती. त्याने डबी फोडली, सातवालं काढलं, एमेटचं आत घातलं, पुन्हा चिकटवली. हिच्या कडेवर नख फिरवा, खरखरीत लागतं. एमेटच्या होल्डरमध्ये नक्कल गेली.”

“नक्कल सरळ डबीतच का नाही घातली?” डेप्युटीने विचारलं. पोरगा अगदीच ढ नव्हता.

“कारण डबी काचेखाली, दिवसभर शंभर जाणकारांच्या नजरेसमोर. नकलेची चमक पहिल्याच गिऱ्हाइकाने ओळखली असती. जुना कागद नजरेला जुनाच दिसतो, आणि वर आकडा असला की कोपरे कुणी बघत नाही. मीही नाही बघितले, माझी मलाच लाज वाटते. आणि नक्कल? सकाळच्या रांगेत व्हान्स होता. खिशात घालून पुरा, हे त्याने ऐकलं. एमेट मेला असता तर नक्कल मातीत गेली असती. समजा उद्या ग्लेनच्या लक्षात आलं असतं, तर त्याने कुणाला सांगितलं असतं? की माझ्या डबीत माझ्या बापाचं कार्ड निघालं? ओरडला असता तरी चोर तोच ठरला असता. आत्ता ठरला, तसाच!”

“छान गोष्ट रचता, मॅडम,” व्हान्स म्हणाला. फायरमन त्याच्यासमोर आडवा उभा होता. “माझी पेटी माझ्या गिऱ्हाइकांची आहे. त्यात लॉरीचं कार्ड असेलही. लॉरीची कार्डं पुष्कळ आहेत जगात.”

“मग उघडायला हरकत काय?” डेप्युटी म्हणाला.

शोधताना ही पेटी मीही बघितली होती, पण तेव्हा मी एमेटचं झिजलेलं कार्ड शोधत होते; आता ती टपालाला द्यायची म्हणून टेप लावून तयार होती. आत मऊ प्लॅस्टिकमध्ये एकेक कार्ड, गठ्ठ्यांनी बांधलेलं. तिसऱ्या गठ्ठ्याच्या मधोमध लॉरी निघाला. कोपरे धारदार, रंग लख्ख.

“हे ओहायोच्या एका गिऱ्हाइकाचं,” व्हान्स म्हणाला.

“ग्लेन,” मी म्हणाले, “कंपनी सील करण्याआधी प्रत्येक कार्डाचा फोटो काढून साइटवर ठेवते ना? लेबलवरचा नंबर टाक.”

ग्लेनने फोन पुढे केला आणि आयरीनने लेबल बघून त्यावर नंबर टाकला. फोटो उघडला. टोपीच्या वर, पिवळ्या रंगात, छपाईचा एक बारीक लाल ठिपका होता. डेप्युटीने पेटीतलं कार्ड फोनशेजारी धरलं. ठिपका तिथेच होता.

व्हान्सला नेताना त्याच्या पॉलिश केलेल्या हातांतल्या बेड्यांकडे बघून मला फार बरं वाटलं. हे लिहायला मला काही लाज नाही.

६

गर्दी पांगली तरी एमेट खुर्चीवरच बसून होता.

“मी भर हॉलमध्ये तुला चोर म्हणालो,” तो म्हणाला.

“राहू दे, डॅड.”

“राहू देत नाही. सगळ्यांनी ऐका रे! मी माझ्या लेकाला चोर म्हणालो. मी चुकलो.” त्याला धाप लागली. आयरीन पाणी घेऊन आली, ते त्याने बाजूला सारलं.

डेप्युटीने दोन्ही बाजूंनी फोटो काढून डबी परत दिली होती. ग्लेनने ती बापासमोर धरली. “आत्ता फोडतो आणि तुझं कार्ड तुला देतो. पण एकदा सांग. मी डबीत घाल म्हटलं की तू दर वेळी माझ्या अंगावर धावून आलास. का?”

मला वाटलं, एमेट नेहमीसारखा विषय बदलेल.

“रूबेन तुझा काका,” तो म्हणाला. “बारा वर्षांचा होता, मी आठ. पोलिओ. त्याला श्वासाच्या यंत्रात ठेवलं होतं. लोखंडी पिंप, त्यात सगळं शरीर, डोकं तेवढं बाहेर. हातसुद्धा आत. कार्ड त्याचं, आणि त्याला ते धरता यायचं नाही. नर्स मला मागच्या दाराने आत घ्यायची. तो म्हणायचा, एमी, गालाला लाव. मी लावायचो. तेवढंच त्याच्या अंगाला लागायचं, बाकी सगळा तो पेटीत. पेटीतच गेला.” त्याने डोळे पुसले नाहीत. “तू डबी म्हणालास की मला ते पिंप दिसायचं. तुला कसं सांगणार? कुणालाच सांगितलं नाही.”

ग्लेन वळला, टेबलाखालची पक्कड काढली आणि डबीच्या कोपऱ्यावर दाबली. प्लॅस्टिक कडकन तुटलं. लेबल खाली पडलं, त्याने ते उचललं नाही. डबी दोन भागांत उघडून बापापुढे धरली.

“घे.”

“तू काढ,” एमेट म्हणाला.

“माझे हात ओले आहेत, डॅड. घाम आलाय.”

“असू देत. काढ म्हणतो ना.”

ग्लेनने कार्ड बाहेर काढलं. एवढा मोठा माणूस, पण दोन्ही हातांनी धरलं होतं.

“सोमवारी माझ्या दोन्ही हातांना नळ्या असतील,” एमेट म्हणाला. “भूल देईपर्यंत एकाला आत थांबू देतात. तू थांबशील? हे गालाला लावशील माझ्या?”

ग्लेन खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसला आणि त्याने तिथेच, खडबडीत दाढीवर, कार्ड हलकेच टेकवलं. एमेटने डोळे मिटले.

आयरीन माझ्या खांद्यावर रडत होती आणि मी तिच्या. मग मी उठून हॉलचे दिवे एकेक करून बंद करायला सुरुवात केली, फक्त त्यांच्या डोक्यावरचा तेवढा ठेवला.